बेलीफ आणि तांब्याभर पाणी

“ऱ्हाऊ द्या, तहान न्हाई,” असं बेलीफसाहेब म्हणाले, की त्या घरातलं कुणीतरी मटकन खाली बसायचं. तुम्ही आमच्या लातूरकडचे असाल, तर कारण सांगायला नको. बाकीच्यांना सांगतो.

जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळाने विहिरींचे तंटे वाढले होते. मी नवखा वकील. कोर्टाचे कागद घरोघर पोचवायचं काम बेलीफसाहेबांचं. ज्या घराचा कागद पिशवीत आहे त्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. पाणी पिऊन त्याच माणसाच्या हातात समन्स ठेवणं त्यांना जमत नसे. जळकोटकडच्या खेड्यांत हे सगळ्यांना कळलं. मग काय, त्यांची सायकल दिसली की लोक रामरामाच्या आधी तांब्या पुढे करीत. टँकरचं पाणी जपून वापरायचे ते दिवस, पण यांच्यासाठी तांब्या भरलेला. सगळं घर त्यांच्या गळ्याकडे टक लावून उभं. घोट उतरला की सुटलो.

मलाही त्यांचा संशय यायचा. कुणाकडे पितात, कुणाकडे नाही, आत काही साटंलोटं तर नाही ना, असं मनात चालायचं. वकिलाचा स्वभाव, दुसरं काय.

एकदा त्यांनी मला विचारलं की बेलीफ म्हणजे नेमकं काय. गावातली म्हातारी माणसं त्यांना चपराशीच म्हणत. मी कायद्याचा जाडजूड कोश काढला. शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आलेला, मूळ लॅटिन, अर्थ ओझं वाहणारा. पुढे इंग्लंडात तो राजाचा अंमलदार झाला, मग कुळांकडून वसुली करणारा जमीनदाराचा कारभारी, आणि शेवटी कोर्टाचा हुकूम बजावणारा.

“म्हंजे लोक लई जुन्या काळापासून भिऊन राहिले,” ते म्हणाले. पुढे बोलले, “वकीलसाहेब, माझ्या बापाला ह्याच ओसऱ्यांखाली बसवून वरून ओंजळीत पाणी ओतायचे. आमी बौद्ध झालो, शिकलो. आता तांब्या हातात देतात, तर मलाच पिता येत न्हाई.”

रिटायर झाल्यावर कुणीतरी तोंडाकडे न बघता पाणी द्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आता ते नाहीत, पण ती इच्छा कशी पुरी झाली ते मी पाहिलंय.

ते रिटायर झाले त्याच उन्हाळ्यात आम्ही जळकोटजवळ एका लग्नाला गेलो. वाटेत एका ओसरीवर टेकलो. विहिरीच्या तंट्यात याच घरी त्यांनी कागद दिला होता. म्हातारीने तांब्या आणून त्यांच्या हातात दिला. घरातली माणसं सवयीने दारात जमली. त्यांनी तांब्या तोंडाशी नेला आणि तसाच खाली आणला.

“कागद न्हाई, माय. नोकरी संपली.”

कुणालाच खरं वाटलं नाही. मीसुद्धा त्यांच्या पिशवीकडे बघितलं.

म्हातारीने सगळ्यांना आत पिटाळलं आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मला रागच आला. वाटलं, जुना विटाळ अजून गेला नाही.

“पे बाबा,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “म्या बघत न्हाई.”

मग मीही मान फिरवली. तांब्या रिकामा होईपर्यंत ओसरीवर कुणी कुणाकडे बघितलं नाही.