बाटलीवर नाव पास्कूकाकांचं

नळीतल्या लघवीचा वरचा भाग तापवला आणि तो ताकासारखा पांढरा झाला. ॲसिटिक ॲसिडचे दोन थेंब टाकले. नुसते क्षार असते तर पांढरेपणा गेला असता. तो गेला नाही. म्हणजे अल्ब्युमिन. रक्तात राहायला हवं ते प्रोटीन मूत्रपिंडातून गळत होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही.

बाटलीवर नाव होतं पास्कूकाकांचं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोपाऱ्यात डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी लॅब चालवायचो. लॅब कसली, एक स्पिरिटचा दिवा, एक मायक्रोस्कोप आणि मी. पास्कूकाका केळीचे बागायतदार आणि मधुमेहाचे जुने पेशंट. सुकेळी स्वतः वाळवायचे आणि विकण्यापेक्षा जास्त स्वतःच खायचे. नाताळात डॉक्टरांनी त्यांना दम दिला, "जानेवारीअखेर साखर हटली नाही, तर रोज इन्सुलिनची सुई." काका म्हशीच्या शिंगांना घाबरायचे नाहीत, पण सुईला घाबरायचे. एक जानेवारीला चर्चमधून आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं: गोड बंद, वाइन बंद आणि रोज पहाटे कळंबच्या किनाऱ्यापर्यंत चालायचं.

साखरेची टेस्ट सोपी. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. खूप असेल तर विटकरी. काकांचा रंग कायम विटकरी, नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातही विटकरीच. मग एकदम दोन आठवडे निळा. मला नवल वाटलं होतं, पण चिठ्ठीवर 'शुगर' लिहिलेलं, मी शुगर पाहून मोकळा झालो. चौथ्या शनिवारी डॉक्टरांनी खूश होऊन पूर्ण तपासणी सांगितली, गोळ्या कमी करता येतील का ते बघायला.

मी नळी घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"पुन्हा कर."

"दोनदा केली, सर. शुगर निल, अल्ब्युमिन थ्री प्लस."

"डिसेंबरात तर नव्हतं. किडनी गेली की काय या माणसाची?"

"सर, परवा एका लग्नात मी काकांना पाहिलं. त्यांनी केकचे दोन तुकडे खाल्ले. तरी निळा कसा?"

"तू लॅब सांभाळ, निदान मी करतो." पण त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बाटली आणली कोणी?"

"लुसीने. दर शनिवारी तीच आणते."

लुसी काकांची मुलगी. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आठवा महिना. बाहेर बाकावर बसली होती. तीन आठवडे मी तिच्या हातातून बाटली घेत होतो, पण तिच्याकडे नीट पाहिलं ते त्या दिवशी. चेहरा सुजलेला. चपलेचे पट्टे पावलांत रुतलेले. अल्ब्युमिन असं गळालं की अंगावर अशीच सूज येते.

"लुसी, ही बाटली बाबांचीच ना?"

"मग कोणाची? नाव लिवलंय ना, भाऊ."

"तुझं डोकं दुखतं का?"

"माझं काय विचारता? बाबांचं सांगा. निळा आला ना?"

"निळा आला. पण किडनीचं वाईट निघालंय. बाबांना आजच मुंबईला हलवावं लागेल."

तिने बाकाची कड धरली. "नाय हो. बाबांना काय नाय झालं."

"मी दोनदा टेस्ट केलीय, लुसी."

"ती माझी हाय, भाऊ," ती म्हणाली आणि रडू लागली.

मग सगळं बाहेर आलं. पहिला रिपोर्ट विटकरी आल्यावर काका दोन दिवस जेवले नव्हते. तिला बघवेना. ती त्यांची बाटली वाटेत ओतायची आणि आपली भरायची. काकांना पत्ता नव्हता. डोकं तिचं तीन दिवस दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण आधी बाबांचा रिपोर्ट.

डॉक्टरांनी ब्लडप्रेशर घेतलं. खालचा आकडा एकशे दहा, नव्वदच्या आत हवा होता. "झटके आले तर आई आणि बाळ, दोघंही हातचे जातील," मला बाजूला घेऊन ते म्हणाले. तिला मुंबईच्या हॉस्पिटलात न्यायला समोरच्या दुकानदाराची जीप मागवली आणि स्वतः तिच्याबरोबर बसले. मला सायकलवर काकांकडे पाठवलं.

काका वाडीत सुकेळी बांधत होते. मला बघताच हसले. "निळा ना रे?"

मी एका दमात सांगून टाकलं. त्यांच्या हातातली पुडी खाली पडली.

"माझ्या सुईपायी पोर मरत होती?" एवढंच बोलले आणि अनवाणीच रस्त्याकडे धावले.

दुसऱ्या दिवशी लुसीचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली, अगदी मूठभर, पण दोघीही वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. ते दोन आठवडे आठवले की आजही मला लाज वाटते. एक नळी जास्त तापवली असती तर कदाचित तेव्हाच कळलं असतं.

सोमवारी काका स्वतः लॅबमध्ये आले. बाटली माझ्या हातात दिली. "भाऊ, ही माझीच." उकळी येताच द्रावण विटकरी झालं. काकांनी रंग बघितला, डॉक्टरांसमोर जाऊन बाही वर सारली, डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केला.

रिपोर्ट चांगला आला की लोक पेढे वाटतात. मी अजून आधी विचारतो, बाटली भरली कोणी?