ओठ दिसाक होये

“मान वर कर गो. ओठ दिसाक होये.”

लग्न होऊन लालबागच्या खोलीत आले, त्या दिवशी सासरे माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. तेही सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी गिरगावची. सासऱ्यांसमोर नजर खाली ठेवायची, असं आईनं बजावून पाठवलेलं. सासूबाईंनी हळूच कोपर मारलं, “बघ त्यांच्याकडे. ऐकू येत नाही त्यांना, ओठ दिसायला हवेत.”

आबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. साच्यांच्या खडखडाटात आवाज पोचायचा नाही, म्हणून तिथले कामगार नुसते ओठ हलवून एकमेकांशी बोलायचे. गिरणी बंद पडेपर्यंत आबांचे दोन्ही कान गेले. ओठ वाचायची विद्या तेवढी राहिली. त्यामुळे आमच्या घरात भर दुपारीही ट्यूबलाइट चालू आणि बोलणं सगळं समोरासमोर. भांडणसुद्धा. मी कधी पुटपुटत मोरीकडे वळले, की मागून हाक यायची, “हडे ये. समोर येवन भांड!” समोर गेलं की ते इतकं लक्ष देऊन माझ्या ओठांकडे बघत राहायचे, की मला हसूच फुटायचं. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं?

नणंदेला बघायला मंडळी आली होती. मुलीचा बाप बहिरा आहे, हे त्यांना कळलेलं. चहा घेता घेता मुलाची आई मुलाकडे झुकून कुजबुजली. आबांनी कप खाली ठेवला. “चेडू काळा हा, तर फ्रीज मागूया, असा म्हणता ही.” मुलीच्या रंगावरून फ्रीज मागणारी ती मंडळी पोहे टाकून उठली. नणंद आठवडाभर बापावर रुसून बसली आणि आता जो भेटेल त्याला हा किस्सा तीच सांगते.

गेल्या वर्षी आबांच्या पोटातल्या गाठीचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले. आबांना कळू द्यायचं नाही, असं नवऱ्यानं ठरवलं. पण आपसात बोलायचं कुठे? गॅलरीत शेजारी, आणि खोली एकच. युक्ती माझी. आबांना ऐकू येत नाही, ओठ तेवढे दिसतात. मग पाठ करून बोलू. नवरा, सासूबाई आणि मी ओट्याकडे तोंड करून उभे राहिलो आणि आबांच्या मरणाबद्दल त्यांच्याच खोलीत बोललो. सासूबाई रडल्या, त्याही भिंतीकडे बघून.

वळलो, तर आबा खाटेवर बसून आमच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्या घरात कोणी मुद्दाम, त्यांना कळू नये म्हणून, पाठ करून बोललं नव्हतं. मला तेव्हाच माझी लाज वाटली. तरी मी चहा पुढे केला आणि विचारलं, “आबा, साखर बरोबर आहे ना?”

त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. दिवस गेले, अंग वाळत गेलं. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी एकटीच घरात होते. त्यांनी खुणेनं मला समोर बसवलं. तो दणदणीत आवाज आता अगदी बारीक झाला होता.

“तू सांग. तू माझ्याशी खोटा बोलणस नाय.”

मला हुंदका आला आणि मी तोंडावर हात दाबून धरला.

“हात काढ गो,” ते म्हणाले. “ओठ दिसाक होये.”

मी हात काढला नाही. बराच वेळ वाट बघून त्यांनीच मान खाली घातली.

चौथ्या दिवशी ते गेले. खाट अजून तिथेच आहे. घरात कोणी नसलं की मी ट्यूबलाइट लावते, खाटेसमोर बसते आणि मान वर करून, आवाज न करता, सावकाश ओठ हलवून सांगते, “आबा, डॉक्टर म्हणाले, दोनच महिने.”