बारशाला आत्या मागे का उभी राहील?

मंडळी, बारशाचे फोटो दुपारीच टाकतो म्हणालो होतो. उशीर झाला, माफ करा. फोटो नाहीत. डोकं अजून तापलेलं आहे.

आज हैदराबादला, कुकटपल्लीत मुलाच्या घरी नातीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून माझी लेक शोभा नांदेडहून आली. ती पाळण्याजवळ गेली तर विहीणबाई म्हणाल्या, "शोभाताई, तुम्ही जरा मागे थांबा. नाव मावशी सांगेल. आम्ही असलं काही मानत नाही हो, पण चार लोकं बोलतात."

असलं म्हणजे काय? शोभाचा नवरा गेला, एवढंच ना!

मुलगा खाली बघत होता. मी तोंड उघडलं तर म्हणाला, "बाबा, चुप बसा ना. तमाशा नक्को."

मी भित्रा माणूस. मुलाच्या घरात राहतो, चहासुद्धा मागून घेत नाही. पण आज ओरडलो, "चार लोकं जेवून जातील! बाळाला आत्या एकच आहे!"

शोभाने नाव सांगितलं. मग आत्याच्या पाठीत बुक्के घालतात ना, तर एकाही बाईचा हात उठला नाही. शेवटी मीच एक घातला.

ती न जेवताच बसला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, माझ्यापायी तुम्हाला इथं राहणं जड जाईल."

जाऊ दे जड! मंडळी, तुम्हीच सांगा, मी गप्प बसायला हवं होतं का?

आणि शोभा, तू फोन उचलत नाहीस. जीव टांगणीला लागलाय गं. पोचलीस की लगेच कळव.