राखणीनंतरची फुंकर

मशीनवर ४१ आकडा आला आणि तुकाकाका हसले. "सुध्या, तुझा मशीनच पिऊन इला वाटता."

शिवडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. सकाळी सहाला ट्रेलरवर चढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हर माझ्यासमोर ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकतो. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवली, की गुन्हा. मशीन श्वासावरून तो आकडा सांगतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

तुकाकाका चिंचपोकळीच्या आमच्याच चाळीतले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. ॲडमिशनच्या दिवशी वडिलांना सुट्टी मिळाली नाही, तेव्हा माझ्याबरोबर लाइनीत काकाच उभे राहिले होते.

आदल्या संध्याकाळी चाळीत राखण होती. जागेच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारू द्यायची, मग सगळ्यांनी प्रसाद घ्यायचा. प्रसादाला कोणी दारू म्हणत नाही. आणि झोपून उठलं की सगळी उतरते, ही सगळ्यांची पक्की समजूत. डोक्यातली उतरते. रक्तातली उतरायला तास लागतात.

"निजान उठलंय, आंघोळ केलंय," काका म्हणाले. "रिटायर होऊक आठ महिने रवले. लिहू नको."

"वीस मिनिटांनी परत घेतो, काका. नियम आहे."

दुसऱ्यांदा ३९.

मॅनेजरना फोन केला. "सुधाकर, कंटेनर नऊच्या आत बंदराच्या गेटवर पाहिजे. दुसऱ्या कोणाला तरी फुंकायला लाव."

"गाडी पण तोच चालवणार असेल तर लावतो, साहेब."

"ग्रॅज्युएट लोकांचा हाच प्रॉब्लेम!" फोन कट.

मी रजिस्टर उघडलं. काका आता हसत नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "काल माझो ग्लास कोणी भरल्यान रे? तूच ना?"

मीच. एकदा नाही, चारदा. आणि सकाळच्या ड्युटीची लिस्टही मीच बनवली होती. त्यात त्यांचं नाव सगळ्यात वर होतं.

४१ लिहिलं, ३९ लिहिलं, सही केली. कोणी पाजली, असा रकाना त्या रजिस्टरमध्ये नाही. खाली कोऱ्या जागेत मी तेही लिहिलं. मॅनेजरनी वाचून एवढंच विचारलं, "हे कशाला?"

काकांनी गाडीला हात लावला नव्हता, त्यामुळे पोलिसांचा प्रश्न आला नाही. पण त्यांचं ड्रायव्हिंग गेलं. उरलेले महिने यार्डात टायर मोजत काढले आणि गावी गेले. निरोप द्यायला सगळी चाळ खाली उतरली होती. मी गॅलरीतून पाहिलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

कायदा पुरेसा कडक आहे का, असं लोक मला विचारतात. पिऊन चालवणाऱ्यासाठी असेल. पाजणाऱ्याला तो विचारतही नाही. त्याची शिक्षा चाळ ठरवते, आणि तिला मुदत नसते.

आता राखणीच्या दुसऱ्या दिवशी चाळीतल्या कुठल्याच ड्रायव्हरला मी सकाळची ड्युटी लावत नाही. एवढं शिकलो. मात्र राखण कधी आहे हे मला कोणी सांगत नाही. ड्रायव्हरांच्या रजेच्या अर्जांवरून तारीख कळते. त्या संध्याकाळी मी घरीच असतो. खालून कोंबडी-वड्यांचा वास येतो.