कुल्लूच्या बिया आणि ताईचे सासरे

कोणतंही बी हातात आलं की काका ते आधी कानाशी नेऊन हलवायचे. मग डोळे बारीक करून सांगायचे, "झोपेल हाय. हळू बोला." आणि आपण खरोखरच हळू बोलायला लागायचो. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल, ज्याच्या वेडात आपण कधी सामील झालो ते कळतच नाही.

घाटंजीत आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. नोकरी सगळी जमीन मोजणीत गेली, त्यामुळे एकही टेकडी त्यांनी पालथी घालायची सोडली नव्हती. निवृत्तीनंतर त्या टेकड्यांवरची झाडं डब्यांत, बादल्यांत आणि काकूंच्या जुन्या कुकरमध्ये रुजवायचा खटाटोप सुरू झाला. बी कुठलंही टाका, वर यायचा तरोटा, म्हणजे टाकळ्याचं तण. "न बोलावता येते अन् सगळ्यायच्या आधी पंगतीत बसते," असं काका त्याच्याकडे रागानं पाहून म्हणायचे. काकू त्याची भाजी करायच्या.

टेंभराचं, म्हणजे टेंभुर्णीच्या फळाचं, बी अस्वलाच्या पोटातून आलं की लवकर उगवतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. झालं. झरी जामणीच्या जंगलातून त्यांनी अस्वलाची विष्ठा आणली आणि फ्रिजमध्ये दह्याशेजारी जपून ठेवली. त्यानंतर काकूंनी त्यांना फ्रिजला हात लावू दिला नाही. म्हणून पुढचा डबा आमच्या फ्रिजमध्ये आला.

त्यात कुल्लूच्या बिया होत्या. कुल्लू म्हणजे खडकाळ उतारावर वाढणारं पांढऱ्या सालीचं झाड. डिंकासाठी लोकांनी इतकं ओरबाडलं, की आता शोधावं लागतं. काकांनी तरुणपणी मोजणी करताना ज्याच्या बुंध्याशी बसून भाकरी खाल्ली होती, ते त्या टेकडीवरचं शेवटचं झाड वादळात पडलं. या बिया त्याच्या. "याचं एक पोरगं पाह्यलं की मी मोकळा," काका म्हणाले, आणि तेव्हा ते हसत नव्हते.

बिया पावसाळ्यापर्यंत थंड ठेवायच्या होत्या. उन्हाळ्यात ताईचे सासरे बोरी अरबहून आमच्याकडे जेवायला आले. कडक इस्त्रीचा, मोजकं बोलणारा माणूस. जेवणानंतर आईने सुपारीच्या तबकात तो डबाच उपडा केला. तिला वाटलं, काकांनी काहीतरी पाचक दिलंय. सोयाबीनवर बोलता बोलता सासऱ्यांनी सगळ्या बिया संपवल्या.

नेमके तेव्हाच काका आपला डबा बघायला आले. काय झालं ते आईने सांगितलं. तसे ते खुर्ची ओढत सासऱ्यांच्या अगदी जवळ गेले.

"पाव्हणे, चावल्या का गिळल्या?"

"काय?"

"अस्वल गिळते, म्हणून उगवते. तुमी सकाळी कुठं जाता?"

आईने तोंडात पदर कोंबला. मी पंख्याकडे पाहत राहिलो. ताईचा संसार आता संपला, एवढंच माझ्या मनात आलं. सासरे आधी लालबुंद झाले. मग काकांच्या तोंडाकडे त्यांनी नीट पाहिलं.

"गिळल्या," ते म्हणाले. "घरी संडास हाय, पण मले वावरच लागते. बांधाच्या पलीकडं."

त्या पावसाळ्यात काका सारखे एसटीने बोरी अरबला. दोघं म्हातारे काठ्या घेऊन, वाकून वाकून बांधापलीकडचं गवत चाळायचे. ताईचा फोन यायचा, "अरे, मामंजी घरात कोणाशी बोलत नाहीत, अन् काकांसंगं खिदळून राह्यले." कुल्लू काही उगवला नाही. काकांना त्याचं काहीच नव्हतं. "घाई आपल्याले हाय, त्याले कुठं हाय?" म्हणायचे आणि पुढच्या खेपेसाठी धोतराऐवजी पायजमा काढून ठेवायचे, वाकायला बरा म्हणून.

हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

तेरवीला सासरे आले. काकूंना भेटले आणि आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"चावूनच खाल्ल्या होत्या मी," ते म्हणाले. "चांगल्या बारीक."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तरी रोज सकाळी पाहून येतो," ते म्हणाले. "त्यायनं इचारलं तं सांगाले पायजे."