लाद्यांमध्ये जपलेलं औषध

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं, की बर्फखान्याच्या दारातल्या हातगाडीचं पुढचं चाकही दिसेना. गारठोबा करवतीने लादी कापत होता आणि त्याची बायको कापलेले तुकडे वितळू नयेत म्हणून त्यांवर लाकडाचा भुसा पसरत होती. सगळा बाजार त्याला गारठोबाच म्हणे. बिचाऱ्याचे हात बारा महिने गार.

"आज दवाखाना ना गं?" समोरची मासळीवाली ओरडली. "पोर झालं की महिनाभर बर्फ फुकट नेणार हां मी!"

"आधी ताजी मासळी विकायला शीक, मग बघू," गारठोबाच्या बायकोने हसत परतवलं. पण अंडाशयातली बीजं संपत आलीत, मूल राहण्यासाठीच्या इंजेक्शनांची ही शेवटची खेप, असं डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बाई बराच वेळ शोधत राहिल्या.

"एकही बीज वाढलेलं नाही. इंजेक्शनं रोज घेतलीत?"

"रोज. माझी मीच टोचली."

"ठेवली कुठे होती?"

"बर्फात! नर्सताई म्हणाल्या, गरमी लागू देऊ नका. घरच्या फ्रिजचा काय भरवसा? म्हणून ह्यांनी थेट लाद्यांच्या मधे पुरली. पार दगड व्हायचा कुपीचा. मी मुठीत धरून वितळवायची." ती कौतुकाने सांगत होती.

बाईंनी चष्मा काढला. "अहो, गोठलं की ते औषध वाया जातं."

"मग त्यामुळंच...?"

"असेल. नाहीतर वयामुळे. आता कळायला मार्ग नाही. रक्ताच्या तपासणीत तर आता बीजं उरलेलीच दिसत नाहीत. पुन्हा टोचून घ्या, असं मी नाही सांगणार."

ती परतली तसा गारठोबा करवत टाकून पुढे आला.

"काय म्हणाल्या? लागू पडलं ना? एक दिवस गरमी लागू दिली नाही मी!"

ओठांपर्यंत आलेलं तिने गिळलं. "माझंच वय झालंय म्हणाल्या. औषध तरी काय करणार?"

"मग पुढच्या खेपेला..."

"पुढची खेप नाही."

तो लादीच्या कडेवर टेकला. मग म्हणाला, "औषध तरी नीट जपलं आपण."

"जपलं की," ती म्हणाली.

उघड्या पडलेल्या लादीतून पाणी गळू लागलं होतं. तिने पदर खोचला, घमेलं उचललं आणि बर्फावर भुसा टाकायला घेतला.