नुकसान जपणारा माणूस

माणसं पैसा जपतात, तब्येत जपतात, साहेबाची मर्जी जपतात. तळवड्याच्या ज्योतीराम सगरने मात्र जवळजवळ वर्षभर स्वतःचं नुकसान जपलं. ते जराही कमी होऊ नये म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बसला होता.

ज्योतीराम मूळचा निलंग्याकडचा. ऐन विशीत पिंपरीत आला आणि पुढची पंधराएक वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांत पत्रा ठोकून भाग बनवणाऱ्या प्रेस मशीनवर उभा राहिला. सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या, ओव्हरटाइम केला, आणि एक दिवस एक जुना पॉवर प्रेस घेऊन तळवड्यात पत्र्याची शेड भाड्याने घेतली. ऑपरेटरचा शेठ झाला. पुन्हा म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर उभं राहायचं नाही, ही त्याची एकच शपथ. देवाधर्माचं तो फारसं करत नसे, पण ही शपथ त्याने पाळली होती. तो प्रेस आणि ती शेड म्हणजे त्याची सगळी इज्जत होती.

म्हाळुंग्यातल्या एका कंपनीशी त्याचा वर्षभराचा लेखी करार झाला. कंपनीचं नाव इथे घ्यायचं कारण नाही, त्यांच्याकडे वकील पुष्कळ आहेत. गाडीच्या सीटखाली बसणारा एक ब्रॅकेट ज्योतीरामने ठोकून द्यायचा आणि कंपनीने वर्षभर तो उचलायचा. चार-सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग कंपनीत नवा परचेस मॅनेजर आला. नव्या मॅनेजरला नवा सप्लायर लागतो, नवऱ्या मुलाला जसा नवा सूट लागतो तसा. एका सकाळी दोन ओळींचा ईमेल आला, की यापुढे माल पाठवू नये. कारण नाही, नोटीस नाही, साधा फोनही नाही.

अन्याय झाला होता, यात शंका नाही. कंपनीने करार सरळसरळ मोडला होता. ज्योतीराम त्या दिवशी चिडला ते योग्यच होतं. तो शहाण्यासारखा चिडला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

तो आधी गेला चहाच्या टपरीवर. तळवड्यात कुठल्याही टपरीवर दोन कटिंग होईपर्यंत उच्च न्यायालय भरतं. या न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्ती होता सनी. सनी एका फायनान्सवाल्याकडे हप्ते थकलेल्या गाड्या ओढून आणायचं काम करी, आणि फावल्या वेळात मोबाइलवर कायद्याचे रील बघे. या दोन्हींमुळे आपल्याला कायदा कोळून प्यायल्यासारखा येतो, असा त्याचा समज होता.

"भावा, सोडू नको त्यांना," सनी म्हणाला. "कोर्टातून ऑर्डरच आणायची. वर्षभर ब्रॅकेट घ्यावाच लागेल म्हणावं. नाही घेतला तर मॅनेजर आत."

मॅनेजर आत जाणार, या कल्पनेने ज्योतीरामला इतकं बरं वाटलं, की सगळ्यांना चहा त्यानेच पाजला.

दुसऱ्या दिवशी चिंचवडला ॲडव्होकेट मिनल यांच्या ऑफिसात त्यातली निम्मी हवा गेली. मिनलबाईंनी करार शांतपणे वाचला आणि चष्मा काढला.

"कुणी आत-बित जात नाही, सगर. हा फौजदारी मामला नाही. आणि कोर्ट काही दोघांना धरून पुन्हा नांदायला लावत नाही. करार ठरल्याप्रमाणे पुरा करून घ्या असं मागता येतं, पण ते जागेच्या व्यवहारात, किंवा जी वस्तू दुसरीकडे मिळतच नाही तिथे चालतं. तुमचा ब्रॅकेट त्यांना कुणीही ठोकून देईल, आणि तुमचा प्रेस दुसरं काहीही ठोकू शकेल. नव्या सप्लायरविरुद्ध मनाईहुकूम मागाल, तर तोही मिळायचा नाही. आपला मार्ग एकच, भरपाई. करारात लवादाचं कलम आहे, तेव्हा निवृत्त न्यायाधीशांपुढे जाऊ."

"किती मिळेल?"

"जितकं नुकसान झालं तितकं. तुम्ही दरम्यान दुसरं काम शोधताय ना?"

"बघतोय की, मॅडम," ज्योतीराम म्हणाला. तेव्हा ते खरंही होतं.

ते संध्याकाळपर्यंतच खरं राहिलं. संध्याकाळी टपरीवर त्याने हे सगळं सांगितलं, आणि सनीने कपाळावर हात मारला.

"अरे, दुसरं काम धरलंस तर तुझं नुकसान कुठे झालं? कंपनीचा वकील म्हणणार, याचं मशीन तर धडाधड चालू आहे, याला कशाची भरपाई? मशीन बंद ठेव. जितके दिवस बंद, तितकं नुकसान. आणि सगळं त्यांच्या डोक्यावर!"

ज्योतीरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिंपरीत कुठला रिक्षावाला कधी मीटर टाकत नाही, पण ज्योतीरामने त्या संध्याकाळी मीटर टाकलं. गाडी एका जागी उभी, आणि भाडं मात्र कंपनीच्या नावावर वाढतंय, असं त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. बाईंना यातलं काही सांगायचं नाही, हेही त्याने ठरवून टाकलं. शिकलेली माणसं भित्री असतात, असं त्याचं मत होतं.

शेजारच्या शेडमध्ये अजिमचं फॅब्रिकेशन होतं. कारखान्यांना माल रचायला लागणारे लोखंडी पॅलेट तो बनवी. दापोडीचा माणूस, बोलायला मोकळा. ज्योतीरामचं काम गेल्याचं कळताच तो दुसऱ्याच दिवशी हात पुसत आला.

"भाऊ, माझ्या पॅलेटच्या कोपऱ्यांना क्लीट लागतात, पत्र्याच्या वाकवलेल्या पट्ट्या. भोसरीहून आणतो मी. तुझा प्रेस रिकामाच आहे, तू मार ना. रोजचं काम आहे."

ज्योतीरामने दोन्ही हात जोडले. "नको, अजिमभाई. सध्या मशीन बंद ठेवायचंय."

"बिघडलंय का?"

"बिघडलेलं नाही. केस आहे."

मशीनला केस होते हे अजिमने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. तो मान हलवत गेला. पुढे तो पुन्हा आला, आणि त्यानंतरही एकदा आला. ज्योतीरामने प्रत्येक वेळी त्याला चहा पाजला आणि प्रत्येक वेळी काम परत पाठवलं. मशीन बंद म्हटल्यावर ऑपरेटर नवनाथ कशाला हवा? त्यालाही त्याने एक दिवस फोनवरच सांगून टाकलं, की उद्यापासून येऊ नको. नवनाथ नुसता बरं म्हणाला.

खंडेनवमी आली. सगळ्या तळवड्यात मशीनं धुतली गेली, झेंडूच्या माळा चढल्या, पेढे वाटले गेले. ज्योतीरामची बायको कस्तुरा ताट घेऊन शेडवर आली. तिने प्रेसला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. पूजा झाली की मशीन एकदा तरी चालवायचं, ही इथली रीत. त्याशिवाय पूजा लागू होत नाही.

"एक ठोका मारा की," ती म्हणाली.

"येडी हायस का? लाइटच्या बिलात युनिट दिसंल. मशीन चालू व्हतं म्हणतील."

"दिसू द्या की दिसलं तर! देवापुढं तरी खोटं बंद कामून ठेवायलाव ओ?"

"तुला कायद्यातलं काय कळतंय?" ज्योतीराम म्हणाला.

कस्तुराला कायद्यातलं काही कळत नव्हतं. तिने ताट उचललं, आणि पुढच्या आठवड्यापासून रुपीनगरच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली. घर त्या पोळ्यांवर चालायला लागलं. ज्योतीरामच्या मते हेही नुकसानच होतं, आणि तेही कंपनीकडून वसूल होणार होतं.

खरं सांगायचं तर त्याला त्या नुकसानाची गोडी लागली होती. कारखान्यांच्या गुरुवारच्या सुट्टीला लोक आळंदीला जात, हा शेडचं कुलूप काढून गंजाचे फोटो काढी. ठोका मारणाऱ्या रॅमवर गंज चढला तर तो कौतुकाने मोबाइल जवळ नेई. मशीनला तेल देणं त्याने मुद्दाम बंद केलं. शून्य युनिटचं लाइट बिल तो टपरीवर असं फिरवी, जणू पोरगं बोर्डात आलंय. शेडमालक भाड्यासाठी ओरडला की तो गंभीरपणे म्हणे, "बोला, बोला. तुमचं बोलणंसुद्धा क्लेममध्ये घेतो." मिनलबाई अधूनमधून फोन करून विचारत, दुसरं काम मिळालं का. "कुठलं मॅडम, मार्केटच डाऊन आहे," असं तो बेधडक सांगे.

अखेर शिवाजीनगरला लवादापुढे साक्षी सुरू झाल्या. निवृत्त न्यायाधीश कमी बोलणारे होते. ज्योतीरामने स्वतःची साक्ष झोकात दिली. बाजारात काम नव्हतं, मशीन बंद पडलं, असं सांगितलं. मशीन खरंच बंद होतं याला साक्षीदार हवा, म्हणून त्याने हट्टाने अजिमचं नाव दिलं होतं. अजिम इस्त्रीचा शर्ट घालून आला. दोस्तासाठी चार चांगले शब्द बोलायचे, एवढंच त्याच्या मनात होतं.

कंपनीचा वकील उलटतपासणीला उभा राहिला. त्याने फार गोडीने विचारलं, "म्हणजे मशीन बंद होतं, हे तुम्ही रोज पाहत होता?"

"रोज बघायचो, साहेब. दिल दुखायचं. एवढा चांगला प्रेस."

"मग शेजारी म्हणून काही मदत नाही केलीत?"

अजिमला हा आपल्या माणुसकीवरचा संशय वाटला. तो ताठ झाला.

"नाही कशी केली? तीन वेळा काम घेऊन गेलो मी! रोजचं काम, पक्कं काम. शेवटच्या वेळी तर हात धरला याचा. तर म्हणतो कसा, अजिमभाई, तुझं काम घेतलं तर माझं नुकसान कमी होईल."

मिनलबाईंनी पेनाला टोपण लावलं. न्यायाधीशांनी पहिल्यांदाच मान वर करून ज्योतीरामकडे नीट पाहिलं. आणि अजिम, आपण दोस्ताची बाजू काय जोरात मांडली म्हणून, त्याच्याकडे बघून हसला.

निकाल ज्योतीरामच्या बाजूने लागला. कंपनीने करार मोडला, असं स्वच्छ लिहिलं होतं. भरपाई मात्र दुसरं काम बसवून सुरू करायला जेवढा अवधी लागला असता तेवढ्याचीच, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांची. करार मोडला गेला तरी आपलं नुकसान आवरण्याचे साधे उपाय करायला हवेत, आणि जो ते करत नाही त्याचं वाढलेलं नुकसान त्याचं त्यानेच सोसायचं, असं त्यात पुढे होतं.

"म्हणजे जिंकलो का हरलो, मॅडम?"

"जिंकलात," मिनलबाई म्हणाल्या. "कंपनीशी जिंकलात. माझ्याशी खोटं बोलला नसतात तर पहिल्याच महिन्यात तुम्हाला त्या शेडमध्ये ढकलून मशीन चालू करायला लावलं असतं." त्या खरोखर चिडल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही.

जिंकलेली भरपाई थकलेल्या भाड्यात गेली. उरलेल्या भाड्यापोटी शेडमालकाने प्रेस ठेवून घेतला आणि गंज पाहून भंगाराच्या भावात फुंकून टाकला. सनीला विचारावं म्हणून ज्योतीराम टपरीवर गेला, तर सनी दुसऱ्या कुणाला तरी घटस्फोटाचा कायदा समजावून सांगत होता.

मग तो अजिमकडे गेला. अजिमच्या मनात काहीच अढी नव्हती. त्याने नेहमीसारखा चहा मागवला आणि जरा अडखळत म्हणाला, "भाऊ, क्लीटचं काम आता नवनाथ करतो. त्यानं पाठीमागच्या गल्लीत कर्ज काढून प्रेस टाकलाय. त्याला ऑपरेटर पाहिजे. मी बोलू का?"

ज्योतीराम स्वतःच गेला. नवनाथ त्याला पाहून खुर्चीवरून उठला.

"या शेठ," तो म्हणाला.

ज्योतीरामने मशीनकडे पाहिलं. तेलपाणी केलेलं, चकचकीत. "चांगलं ठेवलंस," तो म्हणाला. मग विचारलं, "अजिमनं सांगितलं तुला?"

"सांगितलं." नवनाथ खाली बघत होता. "शेठ, एक विचारू? गावाहून मला आणताना तुमी माझ्या मायला शब्द दिल्ता, पोराला कधी उघड्यावर पाडणार न्हाई म्हणून. आन् फोनवर दोन वाक्यात सोडलं. मला बी लई राग आला व्हता. वाटलं, टपरीवर बसून समद्यांना सांगावं, शेठनं शब्द मोडला."

"मग?"

"मग काय? घरी लेकरू व्हतं. दुसऱ्या दिशी सकाळी काम हुडकायला गेलो."

तो दोन ओळींचा ईमेल ज्योतीरामने त्या वर्षात शेकडो लोकांना वाचून दाखवला होता. नवनाथला केलेल्या त्या फोनची आठवण त्याला एकदाही झाली नव्हती. मान खाली गेली, आणि खूप दिवसांनी त्याला खरोखरची लाज वाटली. नवनाथने शिफ्टची वेळ सांगितली. ज्योतीरामने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मशीनपुढे जाऊन उभा राहिला.